थोरल्याचं वजन

माझा दादा काय काम करतो असं कोणी विचारलं, की मी आधी विचारणाऱ्याचं तोंड बघते. खरंच ऐकायचं असेल तर सांगते, नाहीतर "विजेचं काहीतरी" म्हणून मोकळी होते. सगळं नीट सांगितलं तरी लोक मान डोलावतात आणि शेवटी म्हणतात, "म्हणजे वायरमन." दादा हे ऐकून हसतो. माझं डोकं फिरतं. माझं डोकं लवकर फिरतं हे आत्ताच सांगून ठेवते, म्हणजे पुढे कोणी म्हणायला नको की ही बाई फार तडतडते.

दादा जनरेटरच्या पोटातला डबा बनवतो. रस्ता खोदताना किंवा लाइट गेली की दुकानाबाहेर तो फटफटणारा जनरेटर ठेवतात ना, कुठेही उचलून नेता येतो असा, त्याच्या आतला डबा. कंपनीत त्याला कन्व्हर्टर म्हणतात. इंजिन काही एका लयीत फिरत नाही. कधी जोरात, कधी रडतखडत, आणि त्यातून येणारी वीजही तशीच ओबडधोबड. त्या विजेवर दिवा लागतो, पंखा फिरतो, पण एखादं नाजूक मशीन लावलं तर ते कुरकुरतं, नाहीतर जळूनच जातं. दादाचा डबा ती वीज आधी सपाट करतो, मग तिचे बारीक बारीक तुकडे करतो आणि ते पुन्हा असे जोडतो की बाहेर स्वच्छ, एकसारखी वीज येते. मी शिवणकाम करते, त्यामुळे कापणं आणि जोडणं म्हटल्यावर मला हे चटकन समजलं. तुकडे जितके बारीक, तितकं आतलं तांब्याचं वेटोळं लहान लागतं आणि डबा लहान होतो. पण तुकडे बारीक केले की गरमी वाढते, आणि गरमी बाहेर काढायला पुन्हा जागा लागते. दादाचं अर्धं आयुष्य या ओढाताणीत गेलं.

याचं मूळ वडिलांच्या जुन्या सायकलीत आहे. चाकाला घासून फिरणारा डायनॅमो आणि पुढे एक दिवा, अशी ती सायकल. मला मागे बसवून दादा संध्याकाळी शिकवणीहून घरी आणायचा. घराच्या अलीकडे चढ होता. चढावर सायकल हळू व्हायची आणि दिवा मंद होत होत पार विझायला यायचा. "नेमका चढावरच अंधार," दादा चिडून म्हणायचा. मी म्हणायचे, उतर आणि ढकल की, त्यात काय एवढं. तो म्हणायचा, प्रश्न ढकलायचा नाहीये. त्याला जे म्हणायचं होतं ते त्याने पुढे जन्मभर केलं. चाक कसंही फिरो, दिवा एकसारखा लागला पाहिजे.

दुसरी त्याची सवय म्हणजे मोजणं. घरात साखर आणली तरी काट्यावर ठेवायचा. दुकानदारावर संशय म्हणून नाही, त्याला आपलं बरं वाटायचं म्हणून. कंपनीतही त्याची ख्याती तीच. एखादा डबा टेबलावर बिनबोभाट चालू आहे, सगळे टाळ्या द्यायच्या बेतात, आणि हा म्हणणार, "मोजलं का? न मोजता चाललं ते चाललं असं म्हणायचं नाही." मग तो डब्याच्या पोटात आपली ती लांब वायर अडकवणार, दुसरं टोक मीटरच्या पडद्याला, आणि त्या पडद्यावरची हिरवी रेघ बघत बसणार. बाकीचे जेवून येतात तरी हा तिथेच.

अशा माणसाच्या गळ्यात आमची वहिनी पडली. वहिनीचं सगळंच अंदाजपंचे. मीठ मुठीने, पाणी नजरेने, आणि वेळ विचाराल तर खिडकीतलं ऊन बघून सांगणार. लग्नानंतर पहिल्याच आठवड्यात तिने दादाचा वजनकाटा माळ्यावर टाकला होता. दादा दिवसभर शोधत बसला आणि ही शेजारी उभी राहून त्याच्याबरोबर शोधत होती. मला डोळा मारला तेव्हा मला कळलं, ही बाई आपली आहे.

आमचं घर दुमजली, खाली मी आणि माझं शिलाई मशीन, वर ते दोघं. त्यांना मूलबाळ नाही, मी लग्नाच्या भानगडीत पडले नाही. तिघांचं बरं चाललं होतं. मग वहिनीला जिन्यात धाप लागायला लागली.

आधी आम्ही दुर्लक्ष केलं, मग दम्यावर ढकललं. शेवटी छातीची डॉक्टरीणबाई होती तिने फोटो उजेडासमोर धरून दाखवले. फुप्फुसं कडक होत आकसत चालली होती. औषधाने वेग कमी होईल, म्हणाली, थांबणार नाही. त्यानंतर घरात ऑक्सिजनचं मशीन आलं. कोपऱ्यात ठेवलेलं, स्टुलाएवढं उंच, हवेतला ऑक्सिजन वेगळा काढून नळीतून नाकात सोडणारं. ते दिवसरात्र घुमत असायचं. वहिनीने त्याचं नाव ठेवलं सवत. "ही बघा, वन्सं," मला म्हणायची, "माझ्या उरावर आणून बसवलीये, आणि तुमच्या भावाचं लक्ष माझ्यापेक्षा हिच्याकडे जास्त." एरवी ती मला नुसतं ताई म्हणायची. वन्सं म्हटलं की समजायचं, स्वारी खुशीत आहे.

वहिनीची आई दूर डोंगरावर राहायची. एकटीच, स्वतःच्या धाकट्या बहिणीच्या घराला लागून एक खोली. त्याच वर्षी ती पडली, खुब्याचं हाड मोडलं, आणि डोंगर उतरणं तिच्यासाठी संपलं. म्हणजे आई खाली येऊ शकत नव्हती आणि लेक वर जाऊ शकत नव्हती. प्रवासापुरते सिलिंडर मिळाले असते, त्याची अडचण नव्हती. पण तिथे पोहोचल्यावर काय? तिथली लाइट गेली की दिवसदिवसभर येत नाही. बॅटरीवरच्या छोट्या मशीनचा वहिनीला जोर पुरत नव्हता. आणि तिथे कोणाचा तरी जनरेटर होता, पण त्याच्या विजेवर हे मशीन टीं टीं करून बंद पडणार हे दादाला ठाऊक होतं.

"मला एकदा आईकडे जायचंय," वहिनी म्हणाली. "चार दिवस. तिच्या शेजारी झोपायचं, बस. मग तुम्ही म्हणाल ते औषध घेईन, नाक मुरडणार नाही." दादा म्हणाला, "मी तुला घेऊन जातो. तुझ्या मशीनला चालेल असा जनरेटर मी करतो." एरवी तो कशालाही हो म्हणायला दोन दिवस घेतो. त्या दिवशी लगेच म्हणाला.

आणि त्याने केला. कंपनीत तसंही नव्या डब्याचं काम त्याच्याच टेबलावर होतं, साहेबांनी हरकत घेतली नाही. काही आठवड्यांत एक जनरेटर टेम्पोतून घरी आला. चांगला दणकट, दोन्ही बाजूंना मुठी, दोघांनी मिळून उचलायचा. पेट्रोलचा धूर आणि ऑक्सिजन यांचं जमत नाही, म्हणून दादाने तो अंगणाच्या टोकाला ठेवला, वायर वर खिडकीतून घेतली आणि दोरी ओढली. वर खोलीत सवत एकदा हुंकारली आणि घुमायला लागली. वहिनी खिडकीत येऊन बसली, नाकात नळी, आणि तिथून ओरडून म्हणाली, "चाललं हो." दिवसभर चाललं. मध्ये दादाने मुद्दाम चारपाच वेळा मशीन बंद करून चालू केलं, तरी चाललं. संध्याकाळी वहिनीने कपाटातली बॅग काढून पलंगावर ठेवली.

दुसऱ्या दिवशी दादा तो जनरेटर आणि चाचणीसाठी मागून आणलेलं जुनं एक ऑक्सिजन मशीन घेऊन कंपनीत गेला. नीट मोजायला. आणि तिथे तो बंद पडला. ऑक्सिजनच्या मशीनची मोटर सुरू होताना एकदम जोर मागते, त्या क्षणी डबा खट करून बंद. पुन्हा लावला तर चालला. नंतर पुन्हा बंद. कधी पडेल याचा नेम नाही. दादाने आतलं एकेक काढून बघितलं, बदललं, जोडलं. कारण सापडेना.

"घरी चालला की," वहिनी म्हणाली.

"घरी चालला म्हणजे चालला असं नसतं."

"अहो, सोबत सिलिंडर असेल. बंद पडला तर मी नळी तिकडे लावीन, तुम्ही दोरी ओढा. हाय काय आणि नाय काय."

"आणि पुन्हा पडला तर? पुन्हा? सिलिंडर संपला तर? वर ना दवाखाना, ना काही. कारण माहीत असतं तर मी नेला असता. कारण माहीत नाही."

मी तेव्हा दादाच्या बाजूने बोलले. खरंच बोलले, कारण मलाही भीती वाटली. वहिनीने आमच्या दोघांकडे बघितलं, आणि बॅग पुन्हा कपाटात गेली.

आता इथे दादाच्या जातीच्या लोकांचं एक वेड सांगते. कारण सापडत नाही म्हटल्यावर दुसऱ्या कोणी दुसरा एखादा तयार जनरेटर शोधला असता, दहा लोकांना विचारलं असतं. दादाने काय केलं? नवा डबा मुळापासून काढायला घेतला. आणि नवा काढतोच आहोत तर लहान का नको? लहान होतोय तर हलका का नको? "तुला एका हाताने उचलता आला पाहिजे," तो वहिनीला म्हणाला. वहिनी म्हणाली, "मला उचलायला चार माणसं लागणार त्या डोंगरावर, आणि मी ह्याला उचलू?" दादा हसला, पण त्याच्या डोक्यातून ते गेलं नाही.

मग मधला झाला. नावं सगळी वहिनीनेच ठेवली. पहिला तो थोरला, दुसरा मधला, आणि जो अजून कागदावर होता तो धाकटा. "तीन मुलगे झाले मला," शेजारणीला सांगायची, "थोरला जरा अंगाने आहे, पण स्वभावाने गरीब." थोरला माझ्याकडे जिन्याखाली येऊन पडला. मधला बंद पडत नव्हता, पण भरपूर ओझं दिलं की तापायचा, आणि एकदा त्याच्यातून असा वास आला की दादाने दोन दिवस कोणाशी धड बोलणं टाकलं. धाकट्याच्या वेळी तो गरमीच्या मागे लागला. पत्र्याच्या पट्ट्या कापून आणायचा, वाकवायचा, पुन्हा कापायचा. माळ्यावरचा वजनकाटा केव्हाच खाली आला होता. जेवणाच्या टेबलावर, पाण्याच्या तांब्याशेजारी तो असायचा, आणि दादा त्यावर स्क्रू ठेवायचा.

वहिनीने माझ्याकडून प्रवासासाठी एक सैलसा ड्रेस शिवून घेतला होता. निळा, बारीक ठिपक्यांचा, कारण तिच्या आईला निळा आवडतो. मी तो नेहमीप्रमाणे माया ठेवून शिवला, म्हणजे पुढे लागलं तर उसवून वाढवता येईल. वाढवायची वेळ आली नाही. दोनदा आत घ्यावा लागला. दुसऱ्या वेळी तोंडात टाचण्या धरून मी तिच्या पाठीशी उभी होते, तेव्हा ती म्हणाली, "ताई, मला हलका नको होता गं. मला लवकर हवा होता." तोंडात टाचण्या होत्या म्हणून मला काही बोलता आलं नाही, हे बरंच झालं.

आईचा फोन रोज यायचा. वहिनी धाप लपवायला मध्ये मध्ये थांबायची आणि आईला वाटायचं की फोनच तुटतोय. "येते गं. डबा झाला की येतेच. होत आलाय." तिकडे आईने आपली खाट भिंतीकडे सरकवून खिडकीजवळची जागा लेकीसाठी मोकळी केली होती. गादीसुद्धा घालून ठेवली होती.

एकदा मी वर गेले आणि दादाला धारेवर धरलं. म्हटलं, "घोडं कुठे अडलंय ते तरी सांग. मधला तापतो ना? बाजूला पंखा लाव आणि ने. जिन्याखाली थोरला पडलाय, दुसरा एखादा जनरेटर भाड्याने घे जोडीला, चार सिलिंडर जास्त घे, आणि ने तिला. ती चाललीये, दादा. रोज थोडी थोडी चाललीये." त्याने माझ्याकडे बघितलं. त्याचे डोळे तांबारलेले होते. "आणि वर डोंगरावर माझ्या हातचं मशीन बंद पडून ती गेली तर?" तो म्हणाला. "तिच्या आईसमोर?"  तो आळशी असता, बेफिकीर असता, तर मी त्याला चांगलं फैलावर घेतलं असतं. तो तर भीतीने अर्धा झाला होता.

धाकटा झाला. खरंच झाला. दादा तो हातात लटकवून, एखाद्या पिशवीसारखा, पायी घरी घेऊन आला. अंगणात लावला, वर सवत घुमली. कंपनीत मोजून झालं होतं, ओझं देऊन झालं होतं, एकदाही चुकला नव्हता. तो बंद करून वहिनीला सिलिंडर आणि खुर्चीसकट खाली आणलं, तिने मुठीला हात घालून तो खरोखर उचलला. जमिनीपासून वीतभर. दादाचा चेहरा मी त्या दिवशी जसा बघितला तसा आधी कधी बघितला नव्हता, नंतरही नाही. जायचा दिवस ठरला. आईला फोन झाला. बॅग पुन्हा पलंगावर आली, निळा ड्रेस वर घडी घालून ठेवला.

निघायला दोन दिवस उरले असताना तिला ताप भरला. साधा ताप, सर्दीचा. तिच्या फुप्फुसांत साध्याला जागा उरली नव्हती. दवाखान्यात नेलं तेव्हा ती शुद्धीवर होती, मला म्हणाली, ड्रेसला इस्त्री करून ठेव. चौथ्या दिवशी दुपारी ती गेली. तिथे लाइट एकदाही गेली नाही. जगातली सगळी वीज तिच्या उशाशी होती आणि तिचा काही उपयोग झाला नाही.

आईला कळवायचा फोन मीच केला. त्याबद्दल मी लिहिणार नाही.

पुढे कंपनीत धाकट्याचं मोठं कौतुक झालं. तो बाजारात आला, जाहिरातीत एक हसरी बाई तो एका हातात घेऊन चालतेय असं चित्र होतं. साहेब घरी येऊन बसले, दादाचा हात हातात घेतला. चांगला माणूस. दादा कामावर जात होता, येत होता.  वरच्या खोलीतली सवत त्याने बंद करून कोपऱ्यातच ठेवली होती. त्या आवाजाची इतकी सवय झाली होती की शांततेनेच मला जाग यायची.

एका रविवारी सकाळी तो खाली आला आणि जिन्याखालून थोरल्याला ओढायला लागला. मी म्हटलं, "काय करतोयस?" म्हणाला, "मला त्याचं कारण हवंय." मी दुसरी मूठ धरली. आम्ही तो अंगणाच्या टोकाला नेला, सवतीला वरून खाली आणून ओट्यावर ठेवलं, मधे वायर टाकली.

दादाने दोरी ओढली. सवत चालू केली. चालली. बंद केली, चालू केली. चालली. पुन्हा, पुन्हा. तो बंद करत होता, चालू करत होता आणि मी ओट्यावर बसून बघत होते. मला हळूहळू कळायला लागलं की तो कशाची वाट बघतोय. त्याला थोरला बंद पडायला हवा होता. एकदा, फक्त एकदा बंद पडला असता तर दादाचं सगळं बरोबर ठरलं असतं. तिला न नेणं बरोबर, थांबणं बरोबर. मग मीही मनात म्हणायला लागले, पड रे बाबा. तुझ्या पाया पडते, पड एकदाचा. ऊन अंगणाच्या मध्यावर आलं, शिलाईला आलेल्या दोन बायका फाटकातूनच परत गेल्या, आणि थोरला आपला चालूच. स्वभावाने गरीब, म्हणायची ती.

"असं नाही कळणार," शेवटी दादा म्हणाला. "मोजायला पाहिजे." आत जाऊन त्याने कंपनीतून आणून ठेवलेली ती लांब वायर आणि मीटर आणलं. थोरल्याचं झाकण काढून पोटात वायर अडकवली, हिरवी रेघ पडद्यावर आली. सवत चालू केली.

खट.

थोरला बंद पडला. दादाने माझ्याकडे बघितलं आणि, काय सांगू, तो हसला. "बघितलंस?" म्हणाला. "पडला. बघितलंस ना?" माझाही जीव भांड्यात पडला. मी उठून त्याच्या पाठीवर हात ठेवला. म्हटलं, "बघितलं रे. तुझं बरोबर होतं."

आत नक्की कुठे पडला ते बघायला त्याने वायर काढली. झाकण उघडंच ठेवून पुन्हा लावला. चालला. वायर अडकवली. पहिल्या वेळी चालला, दुसऱ्या वेळी खट. वायर काढली. कितीही वेळा केलं तरी चालला. दादाचा हात तिथेच थांबला. त्याच्या हातात ती वायर होती आणि तो तिच्याकडे बघत होता. मला काही उमगेना. मी विचारलं, "काय झालं?"

मग त्याने सांगितलं, अगदी सावकाश, मला समजावं म्हणून. ती लांब वायर आजूबाजूचा गोंगाट पकडत होती. मोटर सुरू होताना जो झटका बसतो तो त्या वायरमधून डब्याच्या पोटात शिरायचा, आणि डब्याला वाटायचं की आपल्याला झेपणार नाही इतकं ओझं आलंय. म्हणून तो स्वतःला वाचवायला बंद व्हायचा. मधल्यात आणि धाकट्यात मोजायची सोय त्याने आतच बांधून काढली होती, बाहेरची वायर लागतच नव्हती. म्हणून ते कधी असे पडले नाहीत आणि दोष थोरल्याचाच ठरला.

"म्हणजे वायर नसती तर..." मी म्हटलं आणि जीभ चावली.

"मी मोजत होतो म्हणून तो पडत होता," दादा म्हणाला. "मी बघत नव्हतो तेव्हा तो चालत होता. घरी चालला तसा." मग तो ओट्यावर बसला, सवतीच्या शेजारी. ती अजून घुमत होती, नळीतून कोणासाठी तरी हवा सोडत होती. मी ती बंद करायला उठले तर म्हणाला, "राहू दे." पेट्रोल संपेपर्यंत ती तशीच चालू होती. आम्ही दोघं बसून होतो. मला त्याचा राग यायला हवा होता, माझा तर स्वभावच तसा. आला नाही. मला फक्त रडू आलं, आणि ते मी आवरलं नाही.

पुढच्या महिन्यात आम्ही डोंगरावर गेलो. आईने फोनवर सहज सांगितलं होतं की वाऱ्याने खांब पडलाय, लाइट कधी येईल काही सांगता येत नाही. दादा म्हणाला, मी जनरेटर आणून देतो. मला वाटलं धाकटा नेणार. त्याने थोरला गाडीत चढवला.  निळा ड्रेस मी माझ्या पिशवीत घेतला होता, आईला द्यायला.

गाडी जिथे थांबते तिथून घरापर्यंत चढाची वाट आहे. एक मूठ त्याने धरली, एक मी. मी काही पैलवान नाही, दिवसभर मशीनवर बसणारी बाई. वाटेत दोनदा खाली ठेवला, श्वास घेतला, पुन्हा उचलला. तळहातावर वळ उठले, खांदा भरून आला, आणि बोलता बोलता घर आलंसुद्धा. दादा मागे वळून त्या वाटेकडे बघत राहिला. "एवढंच होतं," तो म्हणाला. मी म्हटलं, "चल, आई वाट बघतायत."

आई दारात काठी धरून उभी होती. वहिनीचेच डोळे. तिने ड्रेस हातात घेतला, उलटून शिवण बघितली, आत घेतलेली माया बोटांनी चाचपली. लेक किती बारीक झाली होती ते तिला तिथे कळलं असणार.  खिडकीजवळची गादी अजून तशीच होती.

दादाने घरामागे, पडवीच्या टोकाला थोरला लावला. दोरी ओढली. खोलीतला दिवा लागला आणि एकसारखा लागून राहिला. आई दिव्याकडे बघत होती, मग तिने विचारलं, "हाच का तो? ती सांगायची तो?"

मी घाईने म्हणणार होते की नाही, तो वेगळा, तो नंतर झाला. दादाने मला बोलू दिलं नाही.

"हाच," तो म्हणाला. "हा पहिला."

"चांगला चालतोय की हो."

"चालतो. पहिल्या दिवसापासून चालत होता, आई. मला ते पटत नव्हतं."

 बाहेर थोरल्याचा आवाज येत होता. मग तिने अगदी साधेपणाने, जेवलात का विचारावं तसं विचारलं, "आणि तिला?"

"तिला पटलं होतं," दादा म्हणाला. "तिने त्याच दिवशी बॅग काढली होती."